इंटरनेटवर हरवताना वाट कोण ठरवतं? अंबरनाथच्या देवळापासून उल्हास नदीच्या पुरापर्यंत

बदलापूर ते सीएसएमटी हे रेल्वेचं अंतर ६८ किलोमीटर आहे. अंबरनाथहून तेच ६०. धीमी लोकल पकडली तर बदलापूरकराचा एका बाजूचा प्रवास साधारण दीड तासाचा, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. चौथी सीट मिळाली तर अर्धवट टेकून, नाही मिळाली तर एका हाताने हँडल धरून आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन हा वेळ जातो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या कॉलेजच्या किंवा नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी दिवसातला सगळ्यात मोठा सलग वेळ हाच असतो. मीही याच पट्ट्यातला, त्यामुळे हे रोज बघतो.

घरचे म्हणतात, "मोबाइलमध्ये हरवलाय नुसता." हा लेख त्या हरवण्याबद्दल आहे, पण मोबाइल कमी वापरा हा उपदेश इथे मिळणार नाही. माझं म्हणणं असं की एका विषयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात वाहवत जाणं ही इंटरनेटची सगळ्यात मजेदार गोष्ट आहे. इंग्रजीत याला ‘रॅबिट होल’ म्हणतात. १८६५ साली आलेल्या लुईस कॅरोलच्या पुस्तकातली अ‍ॅलिस सशामागे धावत त्याच्या बिळात पडते, तिथून हा शब्द आला. बिळात पडणं ठीक आहे. प्रश्न एवढाच की ते बीळ खणतंय कोण? तुम्ही, की दुसरं कुणीतरी तुमच्यासाठी?

या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर आतापर्यंत दोनदा बदललंय. आधी लिंक होती, मग फीड आलं, आणि आता एआयचं तयार उत्तर येतंय. हा शेवटचा बदल आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर आणि मराठीतही होतोय, म्हणून त्याबद्दल बोलायला हवं.

आधी एक भटकंती करून बघू

समजा तुम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल वाचायला घेतलं. देवळातल्या शिलालेखात शके ९८२ असा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन १०६०. हे शिलाहार राजांच्या काळातलं काम. आता ‘शिलाहार’ या शब्दावर लिंक दिसते. तुम्ही ती दाबता.

उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता होती, ठाणे हे त्यांचं महत्त्वाचं ठिकाण. वाचता वाचता अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख समोर येतो. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांमध्ये त्याचं नाव घेतात. तो इसवी सन १०१२चा की त्याच्या बराच नंतरचा, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. हा वाद वाचताना कळतं की ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा भाषेच्या जुनेपणाचे पुरावे एवढे महत्त्वाचे का होते. सुरुवात देवळापासून झाली होती आणि पोचलो भाषेपर्यंत.

परत मागे या. मंदिर वालधुनी नदीच्या काठावर आहे. ‘वालधुनी’ दाबा. काकोळे गावाजवळच्या डोंगरात उगम, मग अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण असा प्रवास. काकोळ्याला एक जुनं धरण आहे, लोक त्याला जीआयपी धरण म्हणतात. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तेव्हाची रेल्वे कंपनी. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून हे धरण. मग रेल्वे. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे, १८५४ला कल्याण, आणि १८५६ला कल्याणहून खोपोलीपर्यंत. म्हणजे आपल्या या रुळांवरून दीडशेहून जास्त वर्षं गाडी धावते आहे.

आणखी एक फाटा. हीच वालधुनी उल्हासनगरातून जाते. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ या नावाने शहराची पायाभरणी झाली. आपण आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प ३’, ‘कॅम्प ४’ म्हणतो, ते या छावणीमुळे. रिक्षावाल्याला रोज सांगायच्या आकड्यात अख्खी फाळणी बसलेली आहे.

आणि वालधुनीचाच शेवटचा फाटा. २०१४ साली उल्हासनगरात या नदीत टँकरमधून रसायन ओतल्यानंतर विषारी वायू पसरला आणि शंभराहून जास्त रहिवाशांना त्रास झाला. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती. २०१५मध्ये लवादाने या भागातली सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि स्थानिक संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरायला सांगितलं.

हजार वर्षं जुन्या देवळापासून सुरू करून आपण नाल्यासारख्या वास मारणाऱ्या नदीपर्यंत आलो. ही नदी आपण लोकलच्या खिडकीतून रोज बघतो आणि नाक दाबतो. या भटकंतीत एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक वळणावर तुमच्यासमोर पाच-दहा लिंका होत्या आणि त्यातली एक तुम्ही निवडली. मागे यायचं बटण चालत होतं. कुठून कुठे आलो हे शेवटी सांगताही येत होतं.

लिंक: वाट तुमची

ही कल्पना मोबाइलपेक्षा कितीतरी जुनी आहे. अमेरिकन अभियंता व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली एका लेखात ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं. माणूस पुस्तकं, कागद, फोटो यांच्यात स्वतःच्या वाटा तयार करेल, त्या जपून ठेवेल आणि दुसऱ्याला देईल, अशी ती कल्पना होती. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांनी १९६०च्या दशकात आणला. १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि लिंक सगळ्यांच्या हातात आली.

मराठीला ही सवय कागदावरच लागलेली होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. विश्वकोशातल्या नोंदीखाली ‘पहा’ लिहून दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली असतात. ते ‘पहा’ म्हणजे कागदावरची लिंकच. फरक एवढाच की तेव्हा उठून दुसरा खंड काढायला लागायचा. आज हे दोन्ही कोश ऑनलाइन फुकट वाचता येतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झाला आणि आज त्यावर एक लाखाच्या आसपास लेख आहेत.

लोक अशा लिंकांवर फिरतात कसे, याचा एक मोठा अभ्यास ऑक्टोबर २०२४मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. विकिपीडियाचं मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्या ५० देशांतल्या ४,८२,७६० वाचकांचे वाचनमार्ग त्यात तपासले होते. संशोधकांना तीन प्रकार दिसले. काही जण सगळीकडे डोकावत फिरतात. काही एकाच विषयाच्या मागे लागतात. आणि काही जण एकमेकांपासून लांबच्या विषयांची भलतीच जोडणी करत उड्या मारतात. यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष असा, की जिथे शिक्षणातली आणि स्त्री-पुरुषांमधली विषमता जास्त आहे त्या देशांमध्ये लोक जास्त करून कामापुरतं, एका दिशेने वाचतात. समानता जास्त तिथे सगळीकडे डोकावणं जास्त. असं का, याचं पक्कं उत्तर अजून नाही. पण उगाच भटकता येणं ही एक मोकळीक आहे आणि ती सगळ्यांना सारखी मिळत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. "कशाला नको ते वाचत बसतोस?" हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

फीड: वाट त्यांची

आता तोच विषय, दुसरा प्रयोग. मी एका शॉर्ट व्हिडिओवाल्या अ‍ॅपवर ‘अंबरनाथ शिवमंदिर’ शोधलं आणि पहिल्या व्हिडिओनंतर फक्त अंगठा वर सरकवत राहिलो. दुसरा व्हिडिओ मंदिराचाच होता, ड्रोनने काढलेला. तिसरा दुसऱ्याच कुठल्यातरी ‘रहस्यमय’ मंदिराचा. चौथ्यात गुप्त खजिना आला. सहाव्यापर्यंत मिसळ, आठव्यापर्यंत बाइकचा स्टंट आणि नंतर क्रिकेट. वीस मिनिटं गेली. शिलाहार आलेच नाहीत, वालधुनी तर नाहीच. मधले व्हिडिओ कुठले होते हे आठवायला गेलो तर चारपाचच आठवले.

असं का होतं? कारण या रचनेचं ध्येयच वेगळं आहे. यूट्यूबने २०१२ साली व्हिडिओ सुचवताना ‘किती जणांनी उघडला’ यापेक्षा ‘किती वेळ बघितला’ याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे प्रॉडक्ट प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की लोक यूट्यूबवर जेवढा वेळ बघतात, त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ कंपनीच्या शिफारशींमधून येतो. न संपणारं स्क्रोल २००६ साली तयार करणाऱ्या अझा रास्किन यांनीही त्याच्या परिणामांबद्दल नंतर जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. पान संपलं की माणूस क्षणभर थांबून "पुढे वाचायचं का?" असा विचार करतो. न संपणाऱ्या स्क्रोलने तो क्षणच काढून टाकला.

आपल्याकडे हा बदल २०२०मध्ये एकदम झाला. २९ जून २०२०ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. २०१६मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झालेलाच होता. तीन तासांचा लोकलप्रवास, स्वस्त डेटा आणि न संपणारं फीड हे तिन्ही एकत्र आलं.

फीडमध्ये चांगलं काही नसतं असं मी म्हणणार नाही. आपल्या परिसरातले किल्ले, धबधबे, जुन्या देवळांवर मेहनतीने व्हिडिओ करणारी मराठी मुलंमुली आहेत आणि ती मला फीडमुळेच सापडली. पण फीड तुमच्या कुतूहलाचं मोजमाप सेकंदात करतं. तुम्ही स्टंटवर चार सेकंद जास्त थांबलात, तर तुम्हाला स्टंट हवेत असं धरून चालतं. तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचं होतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

एआयचं उत्तर: वाटच नाही

तिसरा बदल सध्या चालू आहे. गूगलने ऑगस्ट २०२४मध्ये भारतात शोधाच्या निकालांवर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला सुरुवात केली, आधी इंग्रजी आणि हिंदीत. २०२५मध्ये ‘एआय मोड’ आला, जिथे गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारता येतात, आणि वर्षअखेरीस तो मराठीतही आला. शिवाय चॅटबॉट आहेतच.

सोय मोठी आहे, हे मान्य करायला हवं. "अंबरनाथचं मंदिर कुणी बांधलं?" विचारलं की दोन ओळींत उत्तर. लोकलच्या गर्दीत एका हाताने टाइप करणाऱ्याला अजून काय हवं?

पण त्या दोन ओळींनंतर पुढे काय? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. शोधाच्या पानावर एआयचा सारांश नसेल तर १५ टक्के वेळा लोक एखादी लिंक उघडतात. सारांश असेल तर ते प्रमाण ८ टक्क्यांवर येतं. आणि सारांशातच दिलेली लिंक उघडण्याचं प्रमाण फक्त १ टक्का. ही पाहणी अमेरिकेतली आहे, पण सवय सगळीकडे तीच असते. ऑक्टोबर २०२५मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने सांगितलं की विकिपीडियावर माणसांकडून होणारं वाचन आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत सुमारे ८ टक्क्यांनी घटलं आहे. एआय आणि शोधाच्या पानावरच मिळणारी उत्तरं हे त्यांनी दिलेलं एक कारण, लहान व्हिडिओंकडे वळलेले तरुण हे दुसरं.

इथे मराठीचा प्रश्न येतो. विकिपीडियावर लिहिणारे लोक वाचकांमधूनच येतात. कुणीतरी आपल्या गावाचं पान उघडतं, त्यात चूक दिसते, ती सुधारतं आणि मग लिहायला लागतं. इंग्रजीत वाचक घटले तरी लिहिणारे भरपूर उरतील. मराठीत लिहिणारे मुळातच कमी. आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी गोष्टींवर, म्हणजे कॅम्पांचा इतिहास, बंद पडलेले कारखाने, जुनी तळी यांवर मला मराठीत नीट लेख सापडत नाही. एआय हवेतून काही आणत नाही, कुणीतरी आधी लिहिलेलंच ते जुळवून सांगतं. वाचक पानापर्यंत पोचलेच नाहीत, तर नवीन लिहिणारे कुठून येणार? आणि कुणी लिहिलंच नाही, तर उद्या एआय आपल्या गावाबद्दल काय सांगणार?

पावसाळ्यातल्या रात्री फरक कळतो

हे सगळं फक्त ज्ञान-बिनचं आहे असं वाटत असेल, तर बदलापूरचा पाऊस आठवा. २७ जुलै २०१९ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि स्थानिक लोकांनी मिळून हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढलं. पाण्यात उभ्या त्या गाडीची दृश्यं तेव्हा सगळ्यांनी बघितली.

ती दृश्यं अजूनही बघायला मिळतात, हाच मुद्दा आहे. जोराचा पाऊस लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठला ना कुठला जुना व्हिडिओ येतोच. सोबत "बारवीचे दरवाजे उघडले, सावध राहा" असा तारीख नसलेला मेसेज. फीडमध्ये आणि फॉरवर्डमध्ये कालचं, आजचं आणि पाच वर्षांपूर्वीचं सगळं एकाच रांगेत येतं. घाबरवणारा व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात, म्हणून तो वर येतो. एआयला विचारलं तर उत्तर नीटनेटकं मिळतं, पण ते आज रात्रीच्या पाण्याबद्दल आहे की कधीच्या, हे स्रोत उघडल्याशिवाय कळत नाही.

आता ज्याने कधीतरी उल्हास नदीबद्दल लिंकांवर भटकत वाचलेलं आहे, त्याला काय माहीत असतं? ही नदी राजमाचीच्या बाजूच्या डोंगरातून निघते आणि कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते. म्हणजे बदलापुरात पाऊस थांबला तरी कर्जत-खंडाळ्याकडे कोसळत असेल तर पाणी नंतर वाढू शकतं. बारवी ही उल्हासची उपनदी, तिच्यावरचं धरण एमआयडीसीचं. बदलापूरला उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. हे माहीत असलेला माणूस मेसेज आल्यावर तीन प्रश्न विचारतो: आत्ता पातळी किती? वरच्या बाजूला पाऊस आहे का? ही माहिती कुणी, किती वाजता दिली? बाकीचे "फॉरवर्ड करा" वाचून फॉरवर्ड करतात. गाडी तळमजल्यावरून हलवायची की नाही, आजीला वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही, हे निर्णय त्या तीन प्रश्नांवर अवलंबून असतात. निरुद्देश वाचलेलं असं कामाला येतं, आणि कधी येईल हे आधी सांगता येत नाही.

कायदे काय करतायत?

जगभरात सध्या चर्चा आहे ती मुख्यतः वयाची. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी आहे. त्यात इन्स्टाग्राम आणि टिकटॉकबरोबर यूट्यूबही आहे. आपल्याकडे २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं आणि त्यावरून त्यांना जाहिराती दाखवणं यावर त्यात काही अपवाद सोडून मनाई आहे, पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिलेत.

मला यापेक्षा युरोपचा एक छोटा नियम जास्त कामाचा वाटतो. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार, २०२३पासून मोठ्या प्लॅटफॉर्मना वापरणाऱ्याच्या सवयींवर न बेतलेल्या शिफारशींचा निदान एक पर्याय द्यावाच लागतो. म्हणजे "माझा माग काढून मला काही सुचवू नका" असं सांगायचा हक्क. हा नियम वयाबद्दल नाही, वाट कोण ठरवतं त्याबद्दल आहे. भारतात असा पर्याय सक्तीचा नाही. बंदीची मागणी करणारे खूप आहेत. या हक्काची मागणी आपल्या पिढीने करायला हवी, कारण फीड वापरतो आपणच.

आजपासून काय करता येईल?

कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हे पाच उपाय. सगळे फुकट आहेत.

१. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलेल्या व्हिडिओंचा इतिहास पुसा आणि नोंद बंद करा. होम पान जवळजवळ रिकामं दिसायला लागतं आणि जे बघायचं ते शोधून बघावं लागतं. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल. ऑटोप्लेही बंद करा.

२. विकिपीडियाचं अ‍ॅप घ्या आणि भाषा मराठी निवडा. लेख सेव्ह करून ठेवले की नेटवर्क नसतानाही वाचता येतात. घरून निघताना एक विषय सेव्ह करा, उरलेलं लिंका करतील.

३. एआयला जरूर विचारा, पण उत्तरातली निदान एक लिंक उघडा. तारीख, आकडा किंवा माणसाचं नाव असेल तर नक्कीच. नदी, पाऊस, आजारपण, पैसे या विषयांत तर स्रोत उघडल्याशिवाय पुढे पाठवूच नका.

४. भटकून झाल्यावर, उतरायच्या आधी, कुठून कुठे आलात ते एका ओळीत नोट्समध्ये लिहा. ‘देऊळ, शिलाहार, आक्षी, अभिजात मराठी’ एवढंसुद्धा पुरे. ओळ लिहिता आली तर वाट तुमची होती. काहीच आठवत नसेल तर ती दुसऱ्या कुणाची होती.

५. आपल्या भागातली एक गोष्ट निवडा. कॅम्पमधली जुनी बराक, गावातलं तळं, बंद पडलेली गिरणी, काहीही. त्यावर मराठीत काय सापडतं ते बघा. सापडलं नाही तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा, ग्रंथालयात जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं चाळा, आणि स्रोतासह चार ओळी मराठी विकिपीडियावर टाका. तिथे कुणालाही लिहिता येतं. चूक असेल तर दुसरा कुणीतरी सुधारतो, तेही तिथेच दिसतं.

पाचवं काम सगळ्यात कमी लोक करतील, हे मला माहीत आहे. पण पट्ट्यातल्या दहा जणांनी केलं तरी पुढच्या वर्षी कुणीतरी मुलगी लोकलमध्ये उभी राहून आपल्या कॅम्पबद्दल वाचेल, त्यातली एक लिंक दाबेल आणि तिथून पुढे कुठे जायचं ते स्वतः ठरवेल.